‘रे’च्या पुढचं टिंब

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. सुरुवात अशी: ‘रेव्हर्ड मॅडम’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दहावीत असताना हाच मुलगा रजेच्या अर्जाची सुरुवात ‘रिस्पेक्टेड मॅडम’ अशी करायचा, आणि त्या रिस्पेक्टेडमधला ‘सी’ दर वेळी खाऊन टाकायचा. आता पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, परदेशी शिकायला जायचंय, शिफारसपत्र हवं होतं. ‘रिस्पेक्टेड’ त्याला आता शाळकरी वाटत असणार. काहीतरी वजनदार शोधायला गेला आणि मोबाइलनं हे हातात दिलं.

मी उत्तर टाकलं, ‘अरे बाबा, मी अजून जिवंत आहे.’

त्याला काही कळेना. फोनच केला. “मॅडम, चुकलं का काही? मीनिंग तर आदरणीय असंच दाखवतंय.”

चुकलं नव्हतं म्हटलं तर. डिक्शनरीत ‘रिव्हिअर’समोर (रेव्हर्ड हे त्याचंच रूप) आदर करणे, पूज्य मानणे हेच लिहिलेलं असतं, आणि मीही एकतीस वर्षं फळ्यावर तेच लिहीत आले. पण शब्दाचा अर्थ आणि शब्दाची जागा यांत फरक असतो. पैठणी म्हणजे साडीच, म्हणून कोणी ती नेसून भाजी आणायला जात नाही. रिस्पेक्ट रोजच्या वापरातला शब्द आहे. सिग्नलचा रिस्पेक्ट करता येतो, शेजाऱ्याच्या दुपारच्या झोपेचा करता येतो, समोरच्या बोलरचा करता येतो. रिव्हिअर मात्र सिग्नलला लावून बघा! त्याला उंची लागते, वय लागतं, आणि बहुतेक वेळा मधे बरंच अंतर लागतं. संत, मोठा गवई, गावानं डोक्यावर घेतलेला म्हातारा वैद्य, यांना तो शोभतो. ज्याच्याकडून शिफारसपत्र हवंय त्या निवृत्त शिक्षिकेला ‘रेव्हर्ड’ म्हटलं, की फोटोला हार घातल्यासारखं वाटतं.

शिवाय त्या क्रियापदाची एक खोड आहे, तेवढी त्याला सांगून ठेवली. ‘आय ॲम रिव्हिअरिंग माय टीचर’ असं होत नाही. आत्ता, या घडीला, चालू आहे अशी ही क्रिया नव्हे. ती असते किंवा नसते. आपल्याकडची मुलं सगळ्याच क्रियापदांना ‘इंग’ लावतात त्यात हिलाही लावतात.

एवढं बोलून फोन ठेवला असता आणि विषय संपला असता. पण त्याच आठवड्यात दगडवाल्याचा फोटो आला.

थोडं मागचं सांगते. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, पाळक होते, चर्चचे धर्मगुरू, ज्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लावतात ते. आमचं घराणं नगरचं (आता कागदोपत्री अहिल्यानगर), अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतलं. हे मिशन नगरात १८३१ पासूनचं. आजोबांची बरीचशी सेवा नेवासे तालुक्यातल्या खेड्यांत सायकलवर झाली आणि शेवटची वर्षं शहरात गेली. १९८३ मध्ये ते वारले. कबरीवर शहाबादी फरशी होती. चाळीस पावसाळ्यांनी तिच्यावरची अक्षरं चाटून नेली, म्हणून आतेभावानं नवा ग्रॅनाइट बसवायचं ठरवलं. मजकूर तपासायचं काम घरातल्या इंग्रजी-मराठीच्या मास्तरणीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. दगडवाला अक्षराला तीस रुपये घेतो. आतेभाऊ हिशेबी. जुन्या दगडावर होतं तसंच ‘रे.’ ठेवू, ‘रेव्हरंड’ पूर्ण कशाला, असं त्याचं म्हणणं.

दगडवाल्यानं कॉम्प्युटरवर जुळवून नमुना पाठवला. त्यात ‘रे’ होतं, त्याच्यापुढचं टिंब नव्हतं. रे, मग आजोबांचं नाव, मग आडनाव. बघताना वाटलं, कोणीतरी आजोबांना अंगणातून हाक मारतंय.

मला हसू आलं, कारण लहानपणी मी हे नेमकं असंच वाचायची. घराच्या दारावर पाटी होती, ‘रे.’ आणि पुढे नाव. टिंब म्हणजे काय ते कळायचं वय नव्हतं. मला वाटायचं, आजोबांचं पहिलं नाव रे आहे. मराठी पुस्तकांवर ‘रे. नारायण वामन टिळक’ असं छापलेलं दिसायचं आणि मला वाटायचं, टिळकांचंही तेच. नगरातल्या ख्रिस्ती घरांत टिळकांचं नाव काही कमी वेळा निघत नाही, त्यामुळे ‘रे’ हे आमच्या लोकांत पुरुषांचं चालू नाव असावं असा माझा पक्का समज होता. संडे स्कूलच्या बाईंनी एकदा आजोबांचं पूर्ण नाव विचारलं तेव्हा मी ‘रे’पासून सुरुवात केली. वर्गभर हशा. (‘पाद्री’ या शब्दावर शाळेतली पोरं जो विनोद करायची तो इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.)

रेव्हरंड या शब्दाची घडण मला पुढे बी.ए.ला कळली, आणि वर्गात सांगताना दर वेळी मजा यायची. लॅटिनमध्ये क्रियापदाला ‘एंडुस’, ‘आंडुस’ असा शेपटा जोडून ‘करण्याजोगा’, ‘करावा असा’ हा अर्थ आणतात. आपल्याकडे ‘अनीय’ प्रत्यय तेच काम करतो. रेव्हरेंडुस, म्हणजे आदरणीय, पूजनीय. एकदा हे ध्यानात आलं की कचेरीतली रटाळ कागदपत्रं एकदम संस्कृत बोलायला लागतात. मेमोरँडम म्हणजे स्मरणीय. अजेंडा म्हणजे करणीय. डिव्हिडंड म्हणजे विभाजनीय. लीजंड म्हणजे वाचनीय, कारण मुळात ती मठात वाचून दाखवायची संतचरित्रं होती. अमांडा नावाची मुलगी भेटली तर ती प्रेम करण्याजोगी. आणि माझे आजोबा आदरणीय. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेवर ‘आदरणीय’ कोणालाही लावतात, नगरसेवकालासुद्धा. रेव्हरंडचं मात्र इंग्रजीत पदच होऊन बसलं. तरी व्याकरणानं ते विशेषणच राहिलं, त्यामुळे जुन्या वळणाचे इंग्रज ‘रेव्हरंड स्मिथ’ म्हटलं की कपाळाला आठी घालतात. त्यांच्या मते ‘द रेव्हरंड जॉन स्मिथ’ असं पूर्ण हवं. नुसतं ‘आदरणीय पाटील’ म्हणून हाक मारल्यासारखं त्यांना ते वाटतं. आमच्याकडे लोक सरळ ‘रेव्हरंडसाहेब’ म्हणायचे. विशेषणावर साहेब.

आजोबांना स्वतःला या शब्दाबद्दल किंचित संकोच होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘रेव्हरंड’ हा शब्द एकदाच येतो, एकशे अकराव्या स्तोत्रात, आणि तिथे तो देवाच्या नावाला लावलेला आहे. मूळ हिब्रू शब्द ‘नोरा’, ज्याचं भय धरावं असा. “जो शब्द एकदाच वापरला आणि तोही देवासाठी, तो माझ्या दारावर,” असं आजोबा म्हणायचे. काही ख्रिस्ती पंथ याच कारणासाठी पाळकाला रेव्हरंड म्हणत नाहीत. आजोबा मात्र पाटी काढायचे नाहीत. पाटी आजीनं करून घेतली होती.

दगडावरच्या या शब्दावरून इंग्लंडात एक खटलाही झाला आहे. लिंकनशायरमधल्या ओस्टन फेरी गावात हेन्री कीट म्हणून मेथॉडिस्ट पाळक होता. त्याची मुलगी वारली. तिच्या कबरीच्या दगडावर बापाच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ कोरायचं होतं. चर्चचं आवार अँग्लिकनांचं. तिथल्या व्हिकरनं हरकत घेतली, की हा शब्द आमच्या पाळकांचा आहे, तुमच्यासारख्या पंथवाल्यांचा नाही. पोरीच्या दगडावरून बाप भांडत राहिला आणि कज्जा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आपल्याकडचे मोठे दावे जायचे तिथेच. १८७६ मध्ये निकाल लागला: रेव्हरंड ही कोणाच्या मालकीची पदवी नव्हे, ते गौरवाचं विशेषण आहे, कीटनं खुशाल कोरावं. मी हे आतेभावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, पण अक्षराला तीस रुपये.”

आता मुळाकडे. रिव्हिअर आलं लॅटिन ‘रेव्हेरेरी’वरून. त्यात ‘रे’ हा जोर आणणारा उपसर्ग (हा तिसराच रे) आणि ‘व्हेरेरी’ म्हणजे बिचकणं, भय वाटणं, दबून असणं. आणखी खाली खणत गेलं तर ज्या मुळाशी पोचतो त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, जपून असणं. इंग्रजीतले ‘अवेअर’ आणि ‘बीवेअर’ त्याच मुळाचे. म्हणजे बंगल्याच्या फाटकावर ‘बीवेअर ऑफ डॉग’ लिहितात तो शब्द आणि आजोबांच्या दारावरचा शब्द हे दूरचे भाऊबंद. आजीला हे कळतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

रिस्पेक्टमध्ये भीतीचा लवलेश नाही. तो ‘पाहणे’वाल्या घराण्यातला, पुन्हा वळून पाहणे. संस्कृतातलं ‘पश्यति’ त्याचंच नातलग. माणसाकडे एकदा बघून पुढे गेलात आणि काहीतरी वाटून पुन्हा मागे वळून बघितलंत, तो रिस्पेक्ट. रिव्हिअरमध्ये मान वर होत नाही.

मग मराठीत याला शब्द कोणता? आदर? तो रिस्पेक्टला गेला. श्रद्धेत भीती नाही. भक्तीत तर मुळीच नाही. धाक, वचक, दरारा यांत भीती आहे, पण प्रेम असेलच असं नाही. दरारा फौजदाराचाही असतो. गाईडवाले ‘आदरयुक्त भीती’ लिहितात. अर्थ बरोबर, पण असं कोणी बोलत नाही. “मला मामांबद्दल आदरयुक्त भीती वाटते” असं म्हणणारा भाचा मी पाहिलेला नाही.

शब्द मला सापडला तो लग्नात. चार वर्षांपूर्वी भाचीचं लग्न होतं. नवरा मध्य प्रदेशातला, घरात हिंदी. आमच्याकडे लग्नाच्या उपासनेत इफिसकरांस पत्रातला पाचव्या अध्यायाचा उतारा वाचतात. शेवटचं वचन, प्रत्येकानं आपल्या पत्नीवर प्रीती करावी, आणि पत्नीने आपल्या पतीची भीड राखावी. माझ्या शेजारी वराची मावशी. ती हळूच वाकून म्हणाली, “पति की भीड़? कौन सी भीड़?” हिंदीत भीड म्हणजे गर्दी. नवऱ्याची गर्दी राखायची म्हणजे बायकोनं नेमकं काय करायचं, हे तिला कळेना. मी तिला समजवायला गेले आणि मलाच कळेना की हिंदीत सांगायचं कसं. लिहाज म्हणाले, संकोच म्हणाले, मग गप्प बसले. घरी येऊन इंग्रजी बायबल काढलं. १६११ च्या भाषांतरात तिथे आहे: पत्नीनं पतीला ‘रेव्हरन्स’ करावं. नव्या भाषांतरांत बहुतेक ठिकाणी त्याचं ‘रिस्पेक्ट’ झालंय, बायका ऐकून घेत नाहीत म्हणून असेल. मूळ ग्रीक क्रियापद मात्र ‘फोबोस’वरचं, ज्याच्यावरून फोबिया आला. सरळ ‘भ्यावे’.

ग्रीकमधली भीती, इंग्रजीतला रेव्हरन्स, आणि मराठी भाषांतरकारानं काढलेली भीड. कोणाला सुचला असेल तो शब्द! भीड म्हणजे भीती नव्हे. मारेल म्हणून नव्हे, ओरडेल म्हणून नव्हे, तर त्याच्यासमोर आपल्याकडून काही उणं जाऊ नये म्हणून जीभ अडते, पाय उंबऱ्याशी थबकतात, ती भीड. आजोबा पडवीत वाचत बसलेले असले की आम्ही पोरं चप्पल हातात घेऊन मागच्या दारानं जायचो. त्यांनी आम्हाला कधी बोटही लावलं नाही. तरी जायचो.

आणि उलटं बघा. इंग्रजीत ‘इर्रेव्हरन्ट’ म्हणजे काय, मुलं विचारतात. आता तो शब्द जाहिरातींत कौतुकानं वापरतात, विनोदी लेखकाला इर्रेव्हरन्ट म्हटलं की तो खूश होतो. मराठीत त्याला तयार जोड आहे, भीडभाड न ठेवणारा. रेव्हरन्स शब्द जिथे अडतो तिथे त्याचा नकार आपल्याकडे असा पटकन सापडतो. भीडेला आपण फार चांगलं म्हणतो असंही नाही. ‘भीड ही भिकेची बहीण’ असं म्हणणारी आपली भाषा. भिडस्त माणूस हातचं घालवून बसतो, भीड चेपली की पोरगं बिघडलं म्हणतो आणि चेपली नाही तर बावळट म्हणतो. त्या लग्नातल्या वचनाबद्दलही माझं मत सांगून टाकते. भीड राखायची तर दोघांनी राखावी, एकटीनं कशाला. हे मी भाचीला मांडवातच सांगितलं होतं. तिला वेळ नव्हता ऐकायला.

इंग्रजीत गाढ आदराला आणखी एक शब्द आहे, ‘व्हेनरेट’. पोरांना समानार्थी म्हणून पाठ करायला लावतात. पण हा वेगळ्या वाटेनं आलेला. त्याचं मूळ ‘व्हीनस’मध्ये, म्हणजे प्रेमात, इच्छेत. गुप्तरोगांना डॉक्टर जो इंग्रजी शब्द वापरतात तोही याच कुटुंबातला, हे मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही. भीतीतून आलेला एक आदर, प्रेमातून आलेला दुसरा, आणि आज वापरताना दोन्ही जवळजवळ एकच. फरक उरलाच असेल तर एवढा, की व्हेनरेट जास्त करून अवशेष, मूर्ती, संत यांच्या वाट्याला जातो.

रेव्हरन्सची सर्वांत मोठी फजिती इंग्रजांनी स्वतःच केली. जुन्या इंग्रजीत काही अभद्र बोलायचं असलं की आधी ‘सेव्ह युअर रेव्हरन्स’ म्हणायची पद्धत होती. आपण ‘माफ करा, पण’ म्हणतो तशी. बोलता बोलता त्याचं झालं ‘सर-रेव्हरन्स’. आणि जो अभद्र शब्द टाळायचा त्याच्याच जागी लोक हा वापरायला लागले, इतके की काही काळ सर-रेव्हरन्स म्हणजे चक्क विष्ठा. अतिआदर फार दिवस ठेवला की असं काहीतरी होतं.

आम्हा पोरांना एक कोडं होतं. मराठी पवित्र शास्त्रात ‘येशू म्हणाला’, ‘तो निघाला’. प्रार्थनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव’. देवाला अरे-तुरे. आणि घरात आजोबा जेवायला बसले की ‘आजोबा बसले’, ‘त्यांना वाढा’. मी नऊ-दहा वर्षांची असेन, मी आजोबांनाच विचारलं, येशूला अरे-तुरे आणि तुम्हाला अहो-जाहो, हे कसं? आजोबा फार कमी हसायचे. तेव्हा हसले. म्हणाले, “त्याला चालतं. मला नाही चालत.”

इंग्रजीत उलटी गंमत झाली आहे. तिथलं ‘दाऊ’ हे आपलं ‘तू’. धाकट्याला, जवळच्याला, आणि म्हणून देवालाही. पुढे रोजच्या बोलण्यातून ते गेलं, प्रार्थनेत तेवढं शिल्लक राहिलं, आणि आता इंग्रज मुलाला ‘दाऊ’ म्हणजे काहीतरी फार उंच, फार भारदस्त वाटतं. तू म्हणता म्हणता त्यांचा देव लांब गेला.

आपल्याकडे तसं झालं नाही. नेवाशाला पैसाचा खांब आहे, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो. आजोबांच्या सायकलच्या वाटेवरचं गाव. त्या भागातले वारकरी ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणतात, आणि रस्त्यात एकमेकांना भेटले की एकमेकांनाही माउलीच म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. रिव्हिअरला जी उंची लागते ती इथे कुठे आहे? जनाबाईनं तर विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून झोडपलं आहे, तेही आईवरून. आमच्या टिळकांनीही तीच वाट धरली. स्वतःच्या उणेपणाची कबुली देणारं त्यांचं भजन आम्ही उपासनेत म्हणतो, त्यात प्रभूला ‘रे’ आहे. पुस्तकावर कवीच्या नावाआधी ‘रे.’ आणि आत देवाला ‘रे’. टिंबाचा काय तो फरक.

आजोबांना ‘रे’ म्हणणारं एकच माणूस मी पाहिलं. त्यांची थोरली बहीण. घराण्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलेलं होतं, म्हणून ती राहिली तिकडेच, सासरी, माळ घालून. वर्षातून दोनदा बाजरीचं पोतं आणि चुलत्या-मावळ्यांच्या बातम्या घेऊन यायची. एसटीतून उतरली की फाटकातूनच आजोबांना लहानपणच्या नावानं हाक. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते पाटीवरच्या माणसाला शोभणारं नव्हतं. “अरे, किती वाळलास रे! ही खायला घालत नाही का तुला?” आजी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. आणि आजोबा, ज्यांच्यासमोर मंडळीतले पंच खुर्चीच्या कडेवर बसायचे, ते “नाही गं आक्का, घालते की” म्हणत उभे. ती दोन दिवस राहायची. त्या दोन दिवसांत आम्हीसुद्धा पुढच्या दारानं जायचो.

१९८३ च्या जानेवारीत आजोबांचा अंत्यविधी झाला. मी सतरा वर्षांची होते. बाहेरगावाहून पाळक आले होते, एकामागून एक उठून बोलले. आदरणीय, पूजनीय, वंदनीय, इंग्रजीत बोलणाऱ्या एकानं ‘रेव्हर्ड’ही म्हटलं; मी तो शब्द पहिल्यांदा माणसाच्या तोंडून ऐकला तो तिथे. सगळं खरं होतं, त्यांतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आक्का उशिरा पोचली. कोणीतरी तिला पुढे नेलं. चर्चमध्ये ती तोवर कधी आली नव्हती; दारात चपला काढून आली, देवळात काढतात तशा. पेटीपाशी उभी राहिली, आजोबांच्या गालावरून हात फिरवला आणि नेहमीच्याच आवाजात, रागावल्यासारखी म्हणाली, “असा कसा गेलास रे? मला न सांगता?”

त्यानंतर कोणी भाषण केलं असेल तर मला आठवत नाही.

तर दगडवाल्याचा नमुना दोन दिवस माझ्या मोबाइलवर पडून होता. टिंब नसलेला. मी तो उघडून बघायची आणि काही न लिहिता बंद करायची. आतेभावाला काय, तीस रुपये वाचत होते तेवढं पुरे होतं. आक्का गेली त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली. आजीची कबर आजोबांच्या शेजारीच आहे, आणि पाटी आजीनं करून घेतली होती हे मला विसरता येईना.

(त्या विद्यार्थ्याचा नवा मजकूर मधल्या काळात आला. ‘डिअर मॅडम’नं सुरुवात. शिफारसपत्र दिलं.)

तिसऱ्या दिवशी दगडवाल्याला लिहिलं, ‘रे’नंतर टिंब घाला. त्याचं लगेच उत्तर आलं, घालतो बाई, टिंबाचे पैसे लागत नाहीत.